शॉक-पंपाची पारख

पंप म्हटला कीं मध्यमवर्गीय घरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. जिन्याखालीं भिंतीला टेकवून ठेवलेला, लांकडी मुठीचा, पायानें खालची पट्टी दाबून दोन्ही हातांनीं हाणावयाचा तो उंच पंप. त्याच्या दट्ट्याचा वायसर वाळला म्हणजे दोन थेंब खोबरेल सोडावें, हवा भरून झाली म्हणजे टायर अंगठ्यानें दाबून पाहावा. अंगठा आंत गेला नाहीं कीं काम झालें. दोन-तीन पिढ्यांच्या सायकली या अंगठ्याच्या मापावर चालल्या आणि चांगल्या चालल्या. हें माप जेथें साफ निरुपयोगी ठरतें अशा एका पंपाची पारख कशी करावी, तें प्रस्तुत भाषणांत सांगावयाचें आहे.

माउंटन बाइक, म्हणजे डोंगरांतून हिंडण्याची सायकल, आतां शहरांतील पुष्कळ घरांत येऊन पोंचली आहे. तिच्या पुढच्या चिमट्यांत, आणि महागड्या सायकलींत मागच्या चाकाजवळहि, धक्के झेलणारी यंत्रणा असते. पुढच्या भागाला फोर्क आणि मागच्याला शॉक म्हणण्याचा प्रघात आहे. स्वस्त सायकलींत हें काम पोलादी स्प्रिंग करते. वरच्या दर्जाच्या सायकलींत स्प्रिंगच्या जागीं नळकांड्यांत कोंडलेली हवा असते. अशी सायकल विकतांना दुकानदार शेवटीं हळूच सांगतो कीं, हिला निराळा पंप लागेल, त्याला शॉक-पंप म्हणतात, आणि त्याचे पैसे वेगळे पडतील. ज्याला पैसे मोजावयाचे असतात त्याच्या मनांत त्या वेळीं जी शंका येते ती अगदीं रास्त आहे. घरांत एक पंप असतां दुसरा कशाला? हवा ती हवा. ती चाकांत गेली काय आणि चिमट्यांत गेली काय!

या शंकेचें उत्तर देण्यापूर्वीं ही हवा सायकलीच्या सांगाड्यांत शिरली कशी तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. चाकांतील हवेचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें बहुतेक सायकलस्वारांना धक्क्यांपासून जो काय आसरा होता तो टायरांतल्या हवेचा, बैठकीखालच्या स्प्रिंगांचा आणि स्वतःच्या गुडघ्यांचा. १९७६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत कॅलिफोर्नियांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यांत, कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरची एक शर्यत सुरू केली. तिचें नांव ‘रिपॅक’. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे; उतारावर तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून धूर निघे, आणि खालीं पोंचल्यावर हब उघडून त्यांत पुन्हां ग्रीस भरावें लागे. नांव पडलें तें त्यावरून. त्या सायकलींना धक्के झेलणारें असें कांहींच नव्हतें. जे धक्के बसत ते मनगटांनीं आणि पाठीच्या मणक्यांनीं सोसावयाचे. पुढें १९८९ सालीं पॉल टर्नर यांनीं रॉकशॉक्स ही कंपनी काढली आणि हवा व तेल यांवर चालणारा फोर्क पुढें आणला. दुसऱ्याच वर्षीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें जी जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली तींत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनीं असाच फोर्क लावलेल्या सायकलीवर जिंकली. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत माउंटन बाइकला प्रथमच प्रवेश मिळाला, तोंवर धक्के झेलणारा फोर्क ही शर्यतींतली नवलाई राहिली नव्हती.

प्रारंभींच्या कांहीं फोर्कांत हवा भरावयाची म्हणजे फुटबॉलच्या ब्लॅडरला लागते तशी सुई लागे. नंतर मोटारीच्या चाकाला असतो तो श्रेडर व्हॉल्व्ह सर्वत्र रूढ झाला. न्यूयॉर्कच्या श्रेडर कारखान्याचा हा व्हॉल्व्ह १८९३ च्या पेटंटाचा, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुना. पण त्याच्याहून बरें कांहीं अजून कोणाला सुचलेलें दिसत नाहीं. त्याच्यामुळें एक मोठी सोय झाली. कोणत्याहि कंपनीचा शॉक-पंप बहुतेक कोणत्याहि कंपनीच्या फोर्काला व शॉकला चालतो. तोटा आहे तोहि याच सोयींतून निघालेला. मोटारीचाच व्हॉल्व्ह असल्यामुळें पेट्रोल पंपावरील कॉम्प्रेसरची नळीहि त्यावर नेमकी बसते, आणि उत्साही मंडळी ती बसवितात. मोटारीच्या चाकाला हवा लिटरांच्या मापानें लागते. शॉकच्या नळकांड्यांत ती पेलाभर मावते. कॉम्प्रेसरची कळ दाबली कीं डोळा लवण्याच्या आंत हवा आंत घुसते, किती घुसली तें कळत नाहीं, आणि आंतील रबरी कड्यांना इजा पोंचण्याचा संभव असतो. शॉक बनविणारे कारखाने या कामाला शॉक-पंपच वापरण्यास सांगतात, तें कांहीं स्वतःचे पंप खपविण्यासाठींच सांगतात असें नाहीं.

आतां मूळ शंकेकडे वळूं या. हवा ती हवा हें खरें. पण चाकांतील हवेचें काम आणि शॉकमधील हवेचें काम यांत फरक आहे. १६६० सालीं रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानें हवेवरील आपल्या प्रयोगांचा जो ग्रंथ लिहिला त्याच्या नांवांतच त्यानें ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग केला होता. त्या प्रयोगांसाठीं हवेचा पंप बांधून देणारा त्याचा मदतनीस होता रॉबर्ट हूक, आणि पोलादी स्प्रिंगांचा नियमहि पुढें ह्याच हूकनें सांगितला. एका पंपाभोंवतीं दोन्ही स्प्रिंगांचे आचार्य एकत्र यावेत हा योग मोठा गमतीचा आहे. बॉइलचा नियम शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो: कोंडलेल्या हवेचें घनफळ निम्मे केलें कीं तिचा दाब दुप्पट होतो. शॉकमध्यें हेंच चालतें. चाक दगडावर चढतें, दट्ट्या आंत सरतो, हवा आकसते आणि आकसतां आकसतां अधिकाधिक चिवट होते. दगड संपला कीं ती चाकाला परत खालीं लोटते. ती उसळी मारूं नये म्हणून जवळच तेल असतें, तें तिचा वेग आवरतें. तेलाचा हिशेब कारखान्यांत झालेला असतो. हवेचा हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणें घरींच करावा लागतो, आणि तो करण्याचें साधन म्हणजे हा पंप.

हा हिशेब चुकला तर काय होतें? हवा कमी पडली तर उतारावर पहिला मोठा दगड येतांच शॉक तळाला जाऊन धातूवर धातू आपटतो, आणि पुढचा चिमटा खालीं बसल्यामुळें स्वार हँडलवरून पुढें फेंकला जाण्याच्या बेतांत येतो. हवा जास्त झाली तर याच्या उलट. चाक जमिनीला चिकटून न राहतां दगडावरून दगडावर उड्या मारूं लागतें. आणि हवेंत असलेल्या चाकाला ना ब्रेक लागत ना वळण. हातपाय मोडण्याचे प्रसंग दोन्ही बाजूंनीं येतात. म्हणून अंगठ्याचें माप येथें चालत नाहीं. अंगठ्यानें दाबून पाहावें असें त्या नळकांड्यांत कांहीं बाहेर आलेलेंच नसतें!

दाब मोजण्याचें परिमाण दर चौरस इंचाला अमुक पौंड असें आहे. दुकानांत त्याला पीएसआय म्हणतात. येथें नुसतें पौंड म्हटलें म्हणजे तेंच समजावें. माउंटन बाइकच्या टायरांत साधारणपणें २५ ते ३० पौंड हवा असते. फोर्कांत बहुधा ५० ते १२० च्या दरम्यान असते. मागच्या शॉकमध्यें मात्र १५० पासून ३०० पर्यंत, क्वचित् त्याहूनहि वर जावें लागतें. घरच्या उंच पंपाचें नळकांडें समजा ३ सेंटिमीटर व्यासाचें आहे. २५० पौंड दाबाविरुद्ध त्याचा दट्ट्या लोटावयाचा तर जवळजवळ १२५ किलो वजनाइतकें बळ लागेल. घरांतील सर्वांत धिप्पाड माणूस मुठीवर उभा राहिला तरी दट्ट्या हलावयाचा नाहीं. आतां तेंच नळकांडें १ सेंटिमीटर व्यासाचें करा. बळ एकदम चौदा किलोंवर येतें, आणि कॉलेजांतली मुलगी हातांत धरून सहज तेवढें लोटूं शकते. शॉक-पंप वीतभर लांबीचा आणि बोटाएवढा बारीक असतो त्याचें कारण हें. एका झटक्यांत तो अगदीं थोडी हवा देतो. टायर भरावयास घेतला तर हात भरून येतील. पण शॉकमध्यें दर झटक्याला दाब थोडाथोडाच चढावा हेंच तर पाहिजे असतें.

बारीक नळकांडें सर्वच शॉक-पंपांत असतें, तेव्हां निवड करतांना त्याकडे फार पाहण्याचें कारण नाहीं. पाहावयाचें तें दाबमापकाकडे आणि नळीच्या तोंडाकडे. बाजारांतील बहुतेक पंपांवर ३०० पौंडांपर्यंतची तबकडी असते. मागच्या शॉकला ती योग्य आहे. फोर्काला मात्र ती फार मोठी पडते, आणि ही गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहींत. तबकडीच्या मापकांची चूक बहुधा त्यांच्या संपूर्ण आवाक्याच्या टक्क्यांत धरतात. समजा ती चूक तीन टक्के आहे. म्हणजे ३०० च्या तबकडीवर कोठेंहि ९ पौंडांची तफावत संभवते. २५० पौंडांच्या शॉकमध्यें ९ पौंडांनीं फारसें बिघडत नाहीं. पण ७० पौंडांच्या फोर्कांत ९ पौंड म्हणजे आठवा हिस्सा झाला, आणि एवढा फरक हातांना स्पष्ट जाणवतो. शिवाय त्या तबकडीवर ७० हा आंकडा कोठेंतरी कोपऱ्यांत, दोन जाड रेघांच्या मध्यें अंदाजानें वाचावा लागतो. तेव्हां ज्या सायकलीला फक्त पुढेंच हवेचा फोर्क आहे, आणि आपल्याकडे येणाऱ्या सायकलींत अशाच अधिक, तिच्यासाठीं शक्य तर १०० किंवा १५० पौंडांच्या तबकडीचा पंप घ्यावा. मात्र आपल्या फोर्काला लागणारा दाब त्या तबकडीच्या आवाक्यांत बसतो एवढें पुस्तिकेंत पाहून घ्यावें. पुढेंमागें दोन्हीकडे हवा असेल तर ३०० चा पंप अपरिहार्य आहे. मग त्याची तबकडी जितकी मोठी आणि रेघा जितक्या सुट्या तितकें बरें.

हल्लीं बॅटरीवर चालणारे व आंकडे दाखविणारे मापकहि मिळतात. वाचावयास ते फार सोईचे, विशेषतः चाळिशी लागलेल्यांना. आणि त्यांतील चांगले मापक अचूकहि असतात. मात्र पडद्यावर ७२.५ असा आंकडा उमटला म्हणजे दाब खरोखरच साडेबहात्तर आहे असें मात्र नव्हे. दशांश दाखविणें निराळें आणि दशांशापर्यंत खरें असणें निराळें. बॅटरी बरोबर ऐन डोंगरांत संपते हा अनुभव पुष्कळांचा आहे. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यानें जोडीला जादा बॅटरी ठेवावी किंवा सरळ काट्याचा पंप घ्यावा.

या सर्व विवेचनांत एक समाधानाची गोष्ट दडलेली आहे. मापक थोडा चुकीचा असला तरी चालतो. तो दररोज सारखाच चुकला म्हणजे झालें. ज्या पंपावर ८० दाखवीत असतां आपली सायकल आपल्याला मानवते, त्या पंपावरचे ८० हेच आपले ८०. दुसऱ्याच्या पंपावर ते ७६ भरोत कीं ८५ भरोत, त्याच्याशीं कर्तव्य नाहीं. म्हणून मित्राचा पंप उसना आणून काम भागविण्यांत शहाणपण नाहीं. सोन्याला जसा एकच कांटा तसा सायकलीला एकच पंप असावा. एकाच सायकलीवर पन्नास किलोंची बहीण व पंचाहत्तर किलोंचा भाऊ आळीपाळीनें बसत असतील तर दोघांचे आंकडे एका वहींत लिहून ठेवावे, आणि ते त्याच पंपानें मोजलेले असावेत.

आतां नळीच्या तोंडाविषयीं. या तोंडानें जितका गोंधळ माजविला आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि भागानें माजविलेला नाहीं. नवा पंप घेणारा मोठ्या काळजीनें काटा २०० वर आणतो, तोंडाची चाकी फिरवून नळी काढूं लागतो, आणि ‘फस्स्’ असा आवाज होतो. त्याचा जीव खालींवर होतो. इतक्या मेहनतीनें भरलेली हवा गेली! तो पुन्हां नळी लावतो, आणि पाहतो तों काटा १९० वर. शंकेला जागाच उरत नाहीं. मग पंप वाईट म्हणून परत जातो, नाहीं तर शॉक गळका म्हणून कारागिराकडे जातो, आणि तेथें धड चालत असलेलें यंत्र उघडलें जातें. पुष्कळांचे पैसे आणि कित्येकांचे चांगले शॉक या आवाजापायीं फुकट गेले आहेत.

खरी गोष्ट अशी कीं तो आवाज शॉकचा नसून नळीचा असतो. पंपाच्या तोंडांत एक बारीक खिळा असतो; तो व्हॉल्व्हच्या आंतील दांडी दाबून धरतो, आणि त्यामुळें वाट उघडी राहते. चाकी उलट फिरवली कीं आधीं खिळा मागें सरतो व व्हॉल्व्हची स्प्रिंग वाट बंद करते. त्यानंतर रबरी वायसर सुटतो आणि नळींत व मापकांत अडकलेली हवा बाहेर पडते. तीच ती ‘फस्स्’. शॉकमधील हवा जागच्या जागीं असते. मग काटा १९० कां दाखवितो? कारण दुसऱ्यांदां नळी लावली तेव्हां ती रिकामी होती. तिला भरावयास हवा शॉकमधूनच आली. समजा शॉकची जागा १०० घनसेंटिमीटर आहे आणि नळी व मापक मिळून जागा ५ घनसेंटिमीटर आहे. २०० पौंडांची हवा १०० ऐवजीं १०५ घनसेंटिमीटरांत पसरली कीं दाब सरळ १९० वर येतो. पाहण्यासाठीं म्हणून पंप लावणें म्हणजेच हवा काढणें होय. दररोज सकाळीं ‘जरा पाहतों’ म्हणून पंप लावणारा मनुष्य पाहतां पाहतां दररोज शॉक रिकामा करीत असतो.

चांगल्या पंपाचें तोंड दुहेरी असतें. एक चाकी फिरवून तोंड व्हॉल्व्हवर घट्ट बसवावयाचें, आणि मग दुसरी चाकी फिरवून किंवा कळ वळवून खिळा पुढें सरकवावयाचा. काढतांना याच्या उलट. खिळा वायसर सुटण्याच्या पुष्कळ आधीं मागें येत असल्यामुळें शॉकमधून एक थेंबहि हवा जात नाहीं अशी खात्री राहते. साध्या तोंडाचा पंप नीट बनविलेला असला तर त्यानेंहि काम भागतें. पण दोहोंच्या किंमतींत थोडाच फरक असेल तर तो दुहेरी तोंडासाठीं खर्चावा. गोल तबकडीवर कंपनीचें नांव सोनेरी अक्षरांत असण्यासाठीं मात्र एक पैसाहि जादा देऊं नये. कोणत्या कंपनीचा पंप घ्यावा तें सांगणें हें भाषणाचें काम नव्हे. तोंड, तबकडी आणि नळी पाहून कोणालाहि तें दुकानांत उभ्या उभ्या ठरवितां येईल.

नळी फार आंखूड नसावी. मागचा शॉक पुष्कळ सायकलींत सांगाड्याच्या बेचक्यांत असतो, आणि त्याचा व्हॉल्व्ह नळ्यांच्या इतका लगत असतो कीं पंपाचें जाडजूड तोंड तेथें शिरतच नाहीं. दुकानांत पंप घेतांना सायकल बरोबर न्यावी आणि तोंड बसवून पाहावें. नळी तोंडापाशीं स्वतंत्र फिरणारी असली तर फारच सोईचें होतें, नाहीं तर चाकी फिरवितांना सगळा पंपच हातांत गरगर फिरूं लागतो. नळी उगाच लांबहि नसावी, कारण जितकी नळी लांब तितकी वर सांगितलेली रिकामी जागा अधिक. मापकाजवळ हवा सोडण्याचें बारीक बटण असलें पाहिजे. हें बटण किती नाजूक आहे तें अवश्य दाबून पाहावें. एका स्पर्शाला दोन-तीन पौंड सोडणारें बटण चांगलें. एका स्पर्शाला वीस पौंड सोडणारें असेल तर तो पंप खालीं ठेवावा. बटण सावकाश चालविण्याचें आणखीहि एक कारण आहे. शॉकच्या आंत पुढची व मागची असे हवेचे दोन कप्पे असतात. भराभर हवा सोडली तर एक रिकामा होतो व दुसऱ्यांत हवा तशीच राहते, आणि शॉक आखडून खालींच बसून राहतो.

या दोन कप्प्यांमुळें हवा भरतांनाहि एक चकवा होतो. पंपानें हवा जाते ती एका कप्प्यांत. शॉक थोडा दाबला कीं ती दुसऱ्या कप्प्यांत वांटली जाते आणि काटा उतरतो. नवशिक्याला पुन्हां वाटतें कीं गळती आहे. म्हणून रिकामा शॉक भरतांना दर पन्नास पौंडांनंतर थांबून दहा-बारा वेळां तो सावकाश दाबावा व सोडावा, मग पुढें भरावें. काटा उतरावयाचा थांबला म्हणजे दोन्ही कप्पे सारखे झाले असें समजावें.

किती भरावें? सायकलीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत वजनाप्रमाणें आंकडे दिलेले असतात. पुस्तिका हरवली असेल तर मागच्या पुष्कळ शॉकांना आरंभीं स्वाराचें वजन जितके पौंड तितकाच दाब भरण्याची वहिवाट आहे; सत्तर किलोंचा मनुष्य म्हणजे सुमारें १५४ पौंड, तेव्हां १५० पासून सुरुवात करावी. पण हें केवळ आरंभस्थान. खरें माप दुसरेंच आहे आणि त्याला पंप लागत नाहीं. स्वार बसल्यावर सायकल आपल्या भारानें जेवढी खालीं बसते त्याला सॅग म्हणतात. मराठींत बैठक म्हणावयास हरकत नाहीं. चकचकीत दांड्यावर एक रबरी कडें असतें. डोंगरांत जातांना जो वेष व जी पाठपिशवी असते ती पाण्यासकट अंगावर घ्यावी, भिंतीचा आधार घेऊन पॅडलांवर उभें राहावें, कडें खालीं सरकवून टेकवावें आणि धक्का न देतां अलगद उतरावें. कडें किती सरकलें तें पट्टीनें मोजावें. फोर्क १४० मिलिमीटर हालचालीचा असेल तर त्याचा पांचवा हिस्सा, म्हणजे २८ मिलिमीटर, हें चांगलें माप आहे. मागच्या शॉकचा दट्ट्या ५० मिलिमीटर सरकणारा असेल तर १५ मिलिमीटर पुरेत. कडें १८ वर गेलें तर पांच-दहा पौंड वाढवावे, १० वरच थांबलें तर तितके सोडावे, आणि पुन्हां पाहावें. दोन-तीन फेऱ्यांत जमतें. नंतर दर आठवड्याला पंप न लावतां हें कडें पाहिलें तरी पुरतें. बैठक बदलली तरच पंप बाहेर काढावा.

प्रवासांत मात्र पंप जवळ हवा. महाराष्ट्रांतून दरवर्षीं कितीतरी सायकलस्वार मनाली-लेहच्या वाटेला लागतात. मुंबईंत ३५ अंश उष्णतेंत २०० पौंड भरलेला शॉक ५ अंशांच्या पहाटे सुमारें १७९ पौंडांवर येतो, कारण थंड झालेली हवा आखडते. उंचीचा परिणाम याच्या उलट आहे. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथें बाहेरील हवेचाच दाब मुंबईपेक्षां पांचेक पौंडांनीं कमी, आणि काटा बाहेरील हवेशीं तुलना करूनच दाब सांगत असल्यामुळें तो तेवढा वर चढतो. बेरीज-वजाबाकी होऊन एकंदरींत सोळा-सतरा पौंडांची तूट येते. स्वाराला एवढेंच जाणवतें कीं कालपर्यंत ठीक चालणारी सायकल आज उतारावर नाक घासते आहे. अशा वेळीं बैठक मोजून पांच मिनिटांत काम होतें. पंप घरीं राहिला असेल तर पुढचे आठ दिवस मनगटांवर निभवावें लागतात. खिशांत मावणारे विजेचे पंप हल्लीं निघाले आहेत, पण त्यांतील बहुतेक टायरांसाठीं केलेले आहेत. दोनशे पौंडांपर्यंत त्यांची मजल जात नाहीं, आणि एकेक पौंडानें चढण्याचा संयम त्यांना नसतो.

पंपाची निगा फारशी नाहीं. मापकाची कांच आपटूं देऊं नये. पाने-स्क्रूड्रायव्हरांच्या पेटींत तो उघडा टाकूं नये, जुन्या मोज्यांत घालून ठेवावा. दट्ट्याच्या रबरी कड्याला वर्षांतून एकदां किंचित् सिलिकोन ग्रीस लावावें. येथें खोबरेलाचा जुना उपाय करूं नये, कारण तें थंडींत गोठतें. सर्वांत आधीं झिजतो तो नळीच्या तोंडांतील लहान वायसर. तो कडक झाला म्हणजे पंप मारतांनाच तोंडाशीं हवा फुसफुसूं लागते, काटा चढत नाहीं, आणि घरांतील मंडळी पंप मोडीत काढावयास निघतात. वायसर अगदीं किरकोळ वस्तु आहे, पण हव्या त्या मापाचा मिळेल तेव्हांच मिळतो. पंप विकत घेतांनाच दोन जादा मागून घ्यावे व मोज्यांतच ठेवून द्यावे.